उजनीचा गाळ उचलण्याआधी काठ तपासा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात भीमेवरचे उजनी धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे पाणी मृतसाठ्याखाली उतरले, की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला गर्दी होते. त्याच दिवसांत काठावर जेसीबी गाळ उचलतात, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत नांगर फिरतो. मंदिर पुढेही दिसेल. काठच्या खडीत आदिम शिकाऱ्यांची दगडी हत्यारे असतील, तर ती मात्र ट्रॉलीतून निघून जातील.

ही शंका हवेतली नाही. भीमेच्याच खोऱ्यात, कुकडीकाठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. शिकारीच्या जागा पाण्याखाली टिकतात, हे अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरात दिसले: सुमारे 37 मीटर खोल, 9,000 वर्षांपूर्वी कॅरिबूंचे (रेनडियर हरणांचे) कळप वळवण्यासाठी रचलेल्या दगडांच्या रांगा आणि शिकाऱ्यांचे आडोसे. तिथे सोनार (ध्वनिलहरींनी तळ दाखवणारे यंत्र), कॅमेरा आणि पाणबुडे यांनी काम केले.

उजनीत ते जसेच्या तसे चालणार नाही. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, मासेमारीच्या जाळ्यांत त्याची केबल अडकते, साइड-स्कॅन सोनारला गाळाखालची खडी दिसत नाही. म्हणून मार्च ते जून उघडा पडणारा काठच तपासावा. धरणापूर्वीच्या नकाशांवरून जुना नदीकाठ आणि ओढ्यांचे संगम हेरावेत, 5 मीटरचे चौकोन आखून पायी फिरावे. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची बारीक हत्यारे, जेमतेम 2-3 सेंटिमीटरची. उचलण्याआधी फोटो आणि जीपीएस नोंद हवीच. एका पिशवीत भरलेल्या तुकड्यांचा अभ्यासाला उपयोग नाही. काळी माती कोरडी चाळली तर कपचे (हत्यार घडवताना उडालेले दगडाचे तुकडे) ढेकळांत अडकतात, म्हणून 2 मिलिमीटरच्या चाळणीत पाण्याने धुवावी. ह्युरॉनच्या तळात ऑब्सिडियनचे (ज्वालामुखीच्या काचेचे) दोन कपचे मिळाले, ते दूरच्या, पश्चिम अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले निघाले; इतक्या लहान वस्तूत एवढी माहिती असते.

दोन धोके आहेत. लाटांनी माती धुपून वेगवेगळ्या काळची हत्यारे एकाच पातळीवर येतात. त्यामुळे लाटा न पोचलेल्या उंचीवर चाचणी खड्डे घ्यावेत. ट्रॅक्टरखाली फुटलेला दगडही हत्यार वाटतो. त्याची ताजी, न झिजलेली धार ओळखणारा माणूस पथकात हवा.

शेतकऱ्याला गाळ हवाच, त्याला आमचा विरोध नाही. गाळाच्या परवानगीत दोनच अटी घाला: आधी पुरातत्त्व संचालनालयाची पाहणी, आणि काळा गाळ संपून खडी लागताच बकेट थांबवणे. सुरुवात करमाळा तालुक्याच्या काठापासून, येत्या उन्हाळ्यातच व्हावी.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील पुरातत्त्व अभ्यासक