गाडी शनिवारी घेऊन येते आहे

पुणे, गुरुवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "हं, हं" करत फोन आईच्या हातात दिला असता आणि आईने "जेवलीस का" विचारून विषय मिटवला असता. म्हणून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी कबुली देते. बोलेरो जूनमध्ये "सर्व्हिसिंगला नेते, आठ दिवसांत आणते" म्हणून नेली, त्याला आता पाच महिने झाले. पार्ट मिळत नाहीये, ब्रेकचं काम निघालं, मिस्त्री गावाला गेलाय, असं काय काय मी सांगत होते. त्यातलं मिस्त्री गावाला गेला होता एवढंच खरं, तेही वारीच्या वेळी चार दिवस. बाकी थापा. गाडी पहिल्याच आठवड्यात भोसरीच्या एका गॅरेजमध्ये पूर्ण खोलून ठेवली होती. मी दोनदा जाऊन बघून आले आणि दोन्ही वेळा घरी येऊन जेवले नाही. सीटा एकीकडे, दारं दुसरीकडे. डॅशबोर्डवरचा आपला गणपती तेवढा मिस्त्रींनी काढून देवघरात ठेवला होता.

दादाचं म्हणणं होतं की सोळा वर्षांची गाडी आहे, भंगारात देऊन टाक, आई-बाबांना छोटी ऑटोमॅटिक घेऊ, अर्धे पैसे मी पाठवतो. त्याचं चुकलं असं नाही. पण तो २०२१ च्या २२ जुलैला, चिपळूणच्या पुरात, तिथे नव्हता. मीही नव्हते म्हणा. पण आपल्या आळीत पाणी शिरायच्या आदल्या रात्री बाबांनी छत्री न घेता गाडी काढून वरच्या चढावर देवळापाशी नेऊन लावली आणि पाण्यातून चालत परत आले, हे मला आईने इतक्यांदा सांगितलंय की मीच बघितल्यासारखं आठवतं. आगारातल्या एसट्या टपापर्यंत बुडाल्या आणि आपली बोलेरो कोरडी राहिली. नंतर पंधरा दिवस तिने पाण्याचे कॅन, सतरंज्या, शेजारच्या आजींना डेरवणच्या दवाखान्यात, काय काय वाहिलं. अशी गाडी मी वजनावर विकू?

शिवाय गेल्याच वर्षी बाबांनी रांगेत उभं राहून नोंदणीचं नूतनीकरण करून आणलंय, पाच हजार फी आणि वर हरित कर भरून. २०२९ पर्यंत ती कायदेशीर जिवंत आहे. हा मुद्दा मी दादाला ऐकवला तेव्हा तो गप्प बसला.

बाबा, कप्प्यात वही सापडली. डिझेलची वही. मला वाटायचं ती २००९ पासूनची असेल, गाडीइतकीच. पण तुम्ही जुन्या तिन्ही वह्या एकत्र शिवून घेतल्यात हे मला माहीतच नव्हतं. दोन रात्री तेच वाचत बसले. पहिलं पान चेतकचं. पेट्रोल इतकं, ऑइल इतकं, आणि समासात "नंबर लागला एकदाचा". तिला डावीकडे कलती करून तुम्ही किक मारायचात आणि आम्हाला वाटायचं ती तुम्हाला नमस्कार करते. पुढे दादा उभा, मागे आई, मध्ये मी. माझ्या तोंडात कायम आईच्या पदराचं टोक.

मग फियाट. खरं तर प्रीमियर पद्मिनी, पण आपल्या अलोरे कॉलनीत तिला पद्मिनी म्हणणारं कोणी भेटलं नाही. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्यामुळे पुढचं सीट अखंड बाकासारखं होतं आणि कराडला जाताना आपण तिघं पुढे बसायचो. मे महिन्यात कुंभार्ली चढताना अर्ध्या घाटात थांबायचं, झऱ्याचं पाणी भरायचं, आणि आईने पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं. ते फडकं ती घरूनच घडी घालून आणायची, भाकरीच्या फडक्याशेजारी. वहीत एक नोंद आहे: "२ मे ८९. हेळवाक. गाडी तापली. सौ.सुद्धा." आई, त्या दिवशी काय झालं होतं ते मला नीट आठवतंय. मी पाच रुपयांच्या बोलीवर गप्प राहिले होते. ते पाच रुपये अजून यायचे आहेत.

मारुतीचं पान उघडलं की मला अजून वास येतो. नवीन गाडीचाही, आणि २००५ नंतरचा वाशिष्ठीच्या गाळाचाही. सीटा गच्चीवर आठ दिवस वाळत घातल्या होत्या, आईने हळदीकुंकवाचं राहिलेलं सगळं अत्तर त्यावर शिंपडलं, तरी तो गेला नाही. त्याच गाडीवर तुम्ही मला कॉलनीच्या मैदानात शिकवलंत. "क्लच असा सोड, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतात तसा." मी तेव्हा अठरा वर्षांची. बाळाचं डोकं म्हणजे काय हे कळायला पुढे दहा वर्षं गेली, पण क्लच तेव्हाच कळला. आज पोरीला शिकवताना माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं.

असो. गाडीकडे येते.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न आरटीओचा विचारणार, म्हणून तेच आधी. इंजिन तेच, चासी तीच, रंग तोच पांढरा. दादा तिकडून व्हिडिओ पाठवायचा, गाडी सहा इंच उचललेली, जाडजूड टायर, पुढे लोखंडी गार्ड. त्यातलं एकही केलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. पुढचे गार्ड तर २०१७ पासूनच बंद आहेत. काळी फिल्म नाही. टायर नवीन आहेत, पण मापाचेच, २१५/७५ आर १५. मागची दोन समोरासमोरची बाकडी काढून टाकावीत असं फार मनात होतं, पण आरसी बुकात सात सीटा आहेत, म्हणून ती नुसती घडी करून बांधलीत. जे केलंय ते विमा कंपनीला लेखी कळवलंय, पोच फाईलमध्ये आहे. तुमची मुलगी आहे मी.

मग केलं काय? कार्पेट उचललं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. कोकणातले सोळा पावसाळे, दुसरं काय. सडलेला पत्रा कापून नवा मारला, खालून अंडरकोटिंग. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, त्यांना कमान मारून घेतली, बुश आणि शॉकअप सगळे नवीन. नाना पेठेत त्या बुशांसाठी मी तीन फेऱ्या मारल्या. दुकानदार मला "मॅडम, मिस्त्रींनाच पाठवा ना" म्हणायचा. तिसऱ्या फेरीला चहा पाजला त्याने.

आता आई, हे तुझ्यासाठी. जूनमध्ये मी ओट्याची पायरी टेपने मोजत होते आणि तू विचारलंस काय मोजतेस, तर मी म्हटलं फरशी बघतेय. ती सात इंच भरली. तू ती काठीशिवाय चढतेस. गाडीची फळी जमिनीपासून साधारण बावीस इंचांवर, म्हणून तर तुला दरवेळी दोघांनी उचलल्यासारखं चढवावं लागायचं आणि तू कुठे यायचंच टाळायला लागलीस. "मला काय बघायचंय आता गणपतीपुळ्याला" म्हणायचीस ते गुडघ्यामुळे, माहीत आहे मला. आता दोन पायऱ्या बसवल्यात, प्रत्येक चढ आपल्या ओट्याएवढाच. वरची पायरी कायमची, गाडीच्या रुंदीच्या आत. खालची घडीची आहे, चढून झालं की दोरीने वर ओढून घ्यायची, नाहीतर गतिरोधकाला घासेल. दाराच्या खांबाला दांडा लावलाय, धरायला. मधल्या सीटचा फोम बदललाय, कंबरेपाशी जरा फुगीर, आणि कव्हर सुती आहे, रेक्झिन नाही. तुझी पाठ भिजत होती ना. मागे बसणाऱ्यांसाठी वेगळा पंखा बसवलाय, एसी पार मागेपर्यंत पोचतो. घाटात एसी लावायचा नाही हा बाबांचा नियम मी रद्द केला आहे.

आणि एक, हसू नकोस. मागच्या जागेत घडीचं कमोड-स्टूल आहे, पिशव्या आहेत, पाण्याचा कॅन आहे, आणि काचांना पडदे आहेत. पडदे गाडी उभी असतानाच ओढायचे. तू आयुष्यभर प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करत आलीस. चिपळूण ते कराड, उन्हाळ्यात, घोटभर पाण्यावर. आम्हाला ते कधी लक्षातच आलं नाही, आम्ही तर रस्त्याकडेला कुठेही बसायचो. आता डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय तर प्यायचं. लाजायचं नाही, आपलीच गाडी आहे.

आता बाबा.

हे तीनदा लिहून फाडलं. वहीत मे महिन्यात तीन नोंदींना किलोमीटरचा एकच आकडा आहे. तुमच्या वहीत चाळीस वर्षांत तसं झालेलं नाही. आणि बहादूरशेख नाक्यावर काय झालं ते मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका, आईने नाही. स्कूटरवाल्या मुलाला खरचटलं, तुम्ही त्याला दवाखान्यात नेलंत, पैसे दिलेत, घरी मात्र "मडगार्ड गेटला लागलं" म्हणालात. मीही पाच महिने थापाच मारल्या, म्हणजे फिट्टंफाट.

तुम्ही म्हणाल, मोतीबिंदूनंतर मला पेपर चष्म्याशिवाय दिसतो. खरं आहे. पण काचबिंदूचं तसं नसतं हो. त्याच्यात समोरचं शेवटपर्यंत लख्ख दिसतं आणि कडेचं हळूहळू जातं, आणि गेलेलं कळतही नाही, कारण काळं वगैरे काही दिसत नाही, नुसतं तिथे काही नसतं. ऑगस्टमध्ये बटण दाबायची जी तपासणी केली, तिचा कागद मी तीन वेळा डॉक्टरांकडून समजून घेतला. डाव्या बाजूचं बरंच गेलंय. स्कूटर डावीकडूनच आली होती ना? तुमचं चुकलं नाही बाबा. ती तुम्हाला दिसलीच नाही.

म्हणून ठरवलंय. विचारत नाहीये, सांगते आहे, रागवा. गाडी शनिवारी दारात येईल, पण तुम्ही चालवायची नाही. परवाना अजून वर्षभर चालू आहे हे मान्य. तरी नाही. आळीतल्या काकूंच्या भाच्याशी बोलून ठेवलंय, तो मंगळवारी आणि शनिवारी येईल, आणि लागेल तेव्हा फोनवर. मुलगा सावकाश चालवतो, मी त्याला घाट चढवून बघितलाय. बाजार, देऊळ, डोळ्यांची तारीख, डेरवण, कशाचं काही अडणार नाही. पुढचं डावं सीट तुमचं. मिस्त्रींकडून ते चार इंच मागे सरकेल असं करून घेतलंय, पाय लांब होतील. तिथून तुम्ही त्याला "दुसरा टाक, दुसरा" म्हणायला मोकळे आहात. मला अजून म्हणता, त्याला का नको.

खर्च एक लाख ऐंशी हजार आला. दादाने निम्मे दिले. परत करायची भाषा काढायची नाही, फियाटच्या वेळी आईच्या पाटल्या कुठे गेल्या होत्या ते वहीत आहे.

आता ऐका. डोळ्यांचे थेंब रात्री नऊला, मालिका संपल्यावर नाही. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसऱ्या बाटलीतला थेंब पाच मिनिटांनी. आई, तू घड्याळ लावून त्यांच्यासमोर बस. तुझी बीपीची गोळी संपत आली असेल, मी इथून आणतेच आहे, तिकडे घेऊ नका. कोलंबी आणून ठेवू नका, आम्ही चौघं नाही, मी आणि पोरगी दोघीच येतोय. बरं, थोडी आणा.

शनिवारी पहाटे निघते, उंब्रज-पाटणवरून. हेळवाकला चहाला थांबेन. अकरापर्यंत पोचेन. फाटकाची खालची कडी काढून ठेवा आणि दगडी कुंडी बाजूला सरकवून ठेवा, बाबांनी नाही, कोणाला तरी सांगून. वहीत मधले पाच महिने मी एकही नोंद केली नाही, पावत्या सगळ्या पाकिटात जपून ठेवल्यात. त्या तुम्हीच लिहून काढा, माझं अक्षर रकान्यात बसत नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दुसरी किल्ली तुमच्या शर्टांच्या कपाटात, वर्तमानपत्राच्या घडीखाली असते. ती मी मागणार नाही. राहू दे तिथेच. फक्त शनिवारी मी आल्यावर मला एकदा दाखवा.