सहाव्या मजल्यावरच्या काकूंना, एका पासबुकाबद्दल

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र थेट तुमच्या सांगलीच्या घरी पाठवलं असतं तर पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. अर्ध्या तासात तुमचा व्हॉइस मेसेज आला असता, "अगं, आभार कसले मानतेस, मी काय परकी आहे का?" आणि त्यापुढे चार मिनिटं हळदीचे भाव. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय माझा एक स्वार्थही आहे. इथे टोकियोतल्या निशि-कासाईत नव्याने आलेली कुणी ना कुणी मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारते, "ताई, बाळाच्या नावाने इथे खातं कसं उघडायचं?" मी अर्धवट काहीतरी सांगते. आता हेच पत्र पुढे ढकलीन.

तुमची-माझी ओळख मंडळाच्या गणपतीत झाली, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत. एकाच इमारतीत दोन मजल्यांचं अंतर, आणि भेट व्हायला गणपती यावा लागला! तेव्हा माझी मुलगी चिमणी दोन वर्षांची होती आणि मी चिडलेली होते. आदल्याच आठवड्यात एका मोठ्या बँकेतून हात हलवत परत आले होते. तुम्ही "काय गं, तोंड का उतरलंय?" एवढंच विचारलंत, आणि मी खिरापतीची वाटी हातात घेऊन सगळं पुराण सांगितलं.

पुराणाचा पहिला अध्याय भारतातला. मुलगी झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांचा आग्रह होता की सुकन्या समृद्धीत पैसे टाकायचे. ती योजना दहा वर्षांखालच्या मुलींसाठी आहे हे खरं, पण मुलगी भारतात राहणारी हवी. पीपीएफचं तेच, अनिवासी माणसाला नवीन खातं उघडता येत नाही. राहिली अनिवासींची दोन खाती, भारतातल्या कमाईसाठी एनआरओ आणि परदेशातल्या कमाईसाठी एनआरई. एनआरओच्या व्याजातून 30 टक्के कर आधीच कापला जातो, वर सेस. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आणि अज्ञान मुलाच्या नावाने आईवडिलांना पालक म्हणून ते उघडताही येतं, पण त्यासाठी साक्षांकित कागद हवेत, मुलीचं पॅन हवं, आणि आमची शाखा म्हणत होती की एकदा समक्ष या. समक्ष म्हणजे विमानाचं तिकीट. सासरे फोनवर म्हणाले, "मग मी काय बारशाची पाकिटं उशाखाली ठेवू?"

दुसरा अध्याय इथला. बँकेच्या त्या चकचकीत शाखेत मुलीचं रेसिडेन्स कार्ड, विम्याचं कार्ड, माझं कार्ड, सगळं घेऊन गेले. दीड तासाने कळलं की विम्याच्या कार्डावर तिचं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एका तऱ्हेने लिहिलंय आणि मी अर्जात दुसऱ्या तऱ्हेने. एका कागदावर दीर्घ स्वराची आडवी रेघ होती, दुसऱ्यावर नव्हती. त्या एका रेघेपायी आम्ही मायलेकी बाहेर.

तुम्ही हसलात. मला रागच आला होता, आता सांगते. मग तुम्ही म्हणालात, "अगं, र, ल आणि ळ हे तिघं इथे एकाच दाराने आत जातात. त्यात तुझ्या आडनावात ळ. आणि मधे बापाचं नाव घातलंयस ते वेगळंच." ते खरंच होतं. पासपोर्ट काढताना आम्ही आपल्याकडच्या रीतीने मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लावलं. दूतावासाने तसंच छापलं, रेसिडेन्स कार्डावर तसंच आलं, आणि पाळणाघरात पहिला महिनाभर चिमणीला सगळे तिच्या बाबाच्या नावाने हाका मारत होते. ती ओ देत नव्हती याचं त्यांना आश्चर्य आणि मला काळजी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही खाली आलात. हातात कुठलीही यादी नाही, फक्त एक जुनं पासबुक. तुमच्या मुलाचं. 1999 साली तुम्ही आलात तेव्हा तो सहा महिन्यांचा होता आणि टपाल कचेरीत त्याचं खातं उघडलं होतंत. इथे टपाल बँकेतल्या पैशाला चोकिन म्हणतात आणि इतर बँकांतल्या पैशाला योकिन, हा फरक मला तुम्हीच सांगितला. आणि हेही, की जपानात टपालाची बचत 1875 पासून आहे आणि आपल्याकडे 1882 पासून, म्हणजे यात आपण काही फार मागे नव्हतो. तुमच्यातली मास्तरीण कधीच निवृत्त झाली नाही.

पण मला ते पासबुक आठवतंय ते त्यातल्या पेन्सिलीच्या अक्षरांमुळे. छापील ओळीत नुसती तारीख, रक्कम आणि शिल्लक. प्रत्येक ओळीच्या कडेला तुमचं बारीक देवनागरी. "मामा आला होता." "शाळेचा पहिला दिवस." "दात पडला." "घरमालकीणबाईंचं ओतोशिदामा." नव्या वर्षाला इथे मुलांना छोट्या रंगीत पाकिटात पैसे देतात, ते ओतोशिदामा. आणि पाकीट म्हणजे पोचिबुकुरो. बहुतेक आया ते पैसे "मी ठेवते हं" म्हणून काढून घेतात आणि मुलाच्या खात्यात भरतात. दिवाळीच्या ओवाळणीचं आपल्याकडे काय होतं ते आठवून मला हसू आलं. फरक इतकाच की आमच्या आईच्या "मी ठेवते हं" ला पासबुक नव्हतं.

माझ्या नवऱ्याने तेवढ्यात व्याज विचारलं. तेव्हा, 2023 साली, साध्या खात्याला 0.001 टक्के होतं. एक लाख येन वर्षभर ठेवा, एक येन मिळेल. तो म्हणाला, "यापेक्षा लोणचं घालावं, निदान मुरतं तरी." तुम्ही शांतपणे म्हणालात, "व्याजासाठी ते भारतातलं खातं कर की सावकाश, ते पळून जात नाही. पण पोर जिथे वाढतंय तिथल्या एका खिडकीत तिचं नाव असू दे." नंतर दर थोडे वाढले, पण त्या दिवशी तुम्ही व्याजाचं आमिष न दाखवता त्याला गप्प केलंत, हे मी अजून त्याला ऐकवते.

मग तयारी. कुयाकुशोतून म्हणजे वॉर्ड ऑफिसातून जूमिन्ह्यो आणायला लावलात, ज्यात आम्ही तिघं एका घरात राहतो आणि कोण कुणाचं कोण हे लिहिलेलं असतं. बोशि तेच्यो, गरोदरपणापासूनची ती माझी वही, तीही सोबत ठेवायला सांगितलीत. नाव कुठल्याही कागदावर मनाने लिहायचं नाही, तेव्हाच्या विम्याच्या कार्डावर जी रेघ होती ती तशीच उतरवायची, आवडो न आवडो. जन्मसाल जपानी सनात रेइवा 3 असं लिहायची तालीम करून घेतलीत, 2021 नाही. आपण पत्रिकेत शके घालतो तसंच हे, मग मला ते परकं वाटेनासं झालं. जिदो तेआते, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून येणारा भत्ता, मी थेट चिमणीच्या खात्यात मागवणार होते. तो फक्त आई किंवा वडिलांच्या खात्यातच येतो हे तुम्ही सांगितलंत आणि माझी एक फेरी वाचली. आणि काकांनी जिन्यात उभ्याउभ्या सांगितलेली गोष्ट: एका व्यक्तीला वर्षाला 11 लाख येनपर्यंतच्या भेटीवर इथे कर नाही, पण खातं नुसतं मुलाच्या नावाने आणि कारभार सगळा आईबापाचा असेल तर कर विभाग तो पैसा आईबापाचाच धरू शकतो. आमच्याकडे 11 लाख कुठले, पण ऐकून बरं वाटलं.

शिक्क्याची गंमत मात्र राहून जायला नको. आता सहीवरही काही ठिकाणी भागतं, तरी तुम्ही म्हणालात, "हान्को करूच." रबरी शिक्का नको, दाब पडला की रबराचा आकार बदलतो आणि ठसा जुळत नाही. लाकडाचा करायचा. दुकानदाराने विचारलं, आडनाव कोरू की नाव? मी आडनाव म्हणणार होते. तो म्हणाला, मुलींचं बहुधा नावच कोरतात, पुढे लग्नानंतर आडनाव बदललं तरी शिक्का तोच राहतो. मी तुमच्याकडे पाहिलं. माझ्या स्वतःच्या कागदांवर दोन आडनावं आहेत, पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आणि त्या दोन नावांची बाई एकच आहे हे शाबीत करण्यात माझी किती दुपार-दुपार गेली आहे ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "कारण त्याचं असू दे, शिक्का आपण नावाचाच करू." काताकानातली ती चार अक्षरं लाल शाईत पहिल्यांदा कागदावर उमटली तेव्हा चिमणीने बोट लावून ती पुसून टाकली.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. टपाल कचेरीत तुम्ही माझ्याबरोबर आलात, पण खिडकीपाशी आला नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही बोलाल, मी मान डोलवीन. तुम्ही क्रमांकाची चिठ्ठी माझ्या हातात दिलीत आणि चिमणीला मांडीवर घेऊन बाकावर बसलात. मी दोनदा मागे वळून पाहिलं. तुम्ही तिचे मोजे सरळ करण्यात गुंतल्यासारखं दाखवत होतात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, खातं कशासाठी? त्याचं उत्तर तुम्ही मला आदल्या रात्री पाच वेळा म्हणायला लावलं होतंत. "कोदोमो नो चोकिन देस." लेकराची बचत आहे. मी म्हटलं. त्यांना कळलं! इथे येऊन चार वर्षं झाली होती आणि एखाद्या सरकारी-निमसरकारी खिडकीत मी नवऱ्याशिवाय, फोनमधल्या भाषांतराशिवाय बोललेलं ते पहिलं वाक्य.

हे इतके प्रश्न का विचारतात याचाही मला आधी अपमान वाटायचा. तुम्ही नीट सांगितलंत. देश सोडताना काही परदेशी लोक आपली खाती विकून जातात, ती फसवणुकीसाठी वापरली जातात, तो गुन्हा आहे, आणि म्हणून प्रत्येक नव्या खात्याला चौकशी. "तू चोर आहेस असं ते म्हणत नाहीयेत, तुझ्याआधी कुणीतरी होता." रेसिडेन्स कार्ड नवीन झालं की खात्याला कळवायचं, कायमचं परत जायचं झालं तर खातं बंद करूनच जायचं, हे तुम्ही माझ्या कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवलंत. आणि गेल्या वसंतात तुम्ही स्वतः तसंच केलंत.

त्या दिवशी खात्यात पहिली रक्कम तुमचीच पडली. पर्समधून पोचिबुकुरो काढून दिलंत, ससा छापलेलं, कारण ते सशाचं वर्ष होतं. आत एक हजाराची नोट आणि भोक असलेलं पाच येनचं नाणं. मला वाटलं चुकून राहिलं. तुम्ही म्हणालात, पाच येन म्हणजे गो-एन, आणि गो-एन म्हणजे ऋणानुबंधसुद्धा. देवळातही लोक तेच टाकतात. "आपण 101 देतो ना, वरचा एक कशाला? मग हे वरचे पाच." आणि घरी आल्यावर 1,005 च्या शेजारी पेन्सिलीने लिहिलंत, "सहाव्या मजल्यावरची आजी".

त्यानंतरचं थोडक्यात. सासऱ्यांची पाकिटं आता उशाखाली नाहीत. दूतावासातून कागद साक्षांकित करून भारतातलं खातंही झालं, वेळ लागला पण झालं. चिमणीच्या डुकराच्या गल्ल्यातली नाणी मात्र आम्ही थोडी-थोडी करून नेतो, कारण 2022 पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त नाणी भरली तर शुल्क पडतं. तिला वाटतं डुकराला एका वेळी एवढंच ओकता येतं.

तुम्ही निघताना पुढच्या तीन नव्या वर्षांची पाकिटं माझ्या कपाटात ठेवून गेलात, वर साल घालून. 2026 चं आम्ही 1 जानेवारीला उघडलं. टपाल कचेरी 4 तारखेपर्यंत बंद होती, तोवर ते पाकीट ती उशाशी घेऊन झोपत होती. शेवटी 5 तारखेला भरून आलो. या वेळी पेन्सिल तिने माझ्या हातातून ओढून घेतली. 1,005 च्या शेजारी "आजी" लिहिलंय. जी ची वेलांटी चुकीच्या बाजूला गेलीय, मी ती तशीच ठेवली आहे. फोटो वेगळा पाठवते.

काकांना नमस्कार सांगा.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची