सदनिकांमधली सामाईक भिंत तपासूनच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,

कोथरूड, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत, बाणेर-खराडीकडे नवे टॉवर उभे राहत आहेत. अशा वेळी दोन सदनिकांमधल्या सामाईक भिंतीकडे आपण लक्ष द्यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती भिंत आवाज किती अडवते आणि आग-धूर किती वेळ थोपवते, हे प्रश्न वेगळे मानले जातात. प्रत्यक्षात दोघांची वाट बहुतेकदा एकाच फटीतून जाते.

जुन्या इमारतींत विटांची नऊ इंची भिंत असे. आता तिथे एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, सहा इंची, कधी चार इंची भिंत येते. हे ब्लॉक आगीत चांगले टिकतात, इमारतीचा भारही हलका करतात, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आवाज अडवायला भिंतीला वजन लागते आणि या ब्लॉकची घनता विटेच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यातच कन्सील्ड वायरिंगसाठी दोन्ही बाजूंनी झिऱ्या मारल्या, स्विचबोर्डचे डबे पाठीला पाठ लावून बसवले आणि भिंत बीमला भिडते तिथला सांधा नीट भरला नाही, तर पीओपीच्या छताआड गेलेली ती फट पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. शेजारचे बोलणे मात्र शब्दन्‌शब्द ऐकू येते.

डक्टची, म्हणजे केबली आणि नळ सगळ्या मजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची, अवस्था अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार विजेच्या डक्टने आणि तिच्या दाराने 120 मिनिटे आग अडवली पाहिजे, तसेच प्रत्येक मजल्यावर ती आगरोधक साहित्याने बंद केलेली असली पाहिजे. आमच्या इमारतीत डक्टचे दार साध्या प्लायवूडचे आहे आणि ते उघडले की केबलींच्या कडेने खालचे दोन मजले सरळ दिसतात. ताबा मिळाल्यावर इंटरनेटवाले नवी भोके पाडतात. ती बुजवून घेणे ही अर्थातच आम्हा रहिवाशांची जबाबदारी आहे. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात पंप आणि हायड्रंटइतकीच डक्टची तपासणीही स्पष्टपणे नमूद व्हावी.

आवाजाबाबत 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, परंतु ती परिसरातल्या आवाजाची आहे, भिंतीची नव्हे. राष्ट्रीय संहितेत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे, पण भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी भिंत आवाज किती अडवते हे मोजून पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये नव्या घरांमधल्या सामाईक भिंतीने किमान 45 डेसिबल आवाज अडवावा असा नियम आहे, आणि काही घरांत तो प्रत्यक्ष मोजला जातो किंवा आधी सिद्ध झालेल्या रचनेबरहुकूम बांधकाम करावे लागते.

आपल्या राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अशीच तरतूद व्हावी: सामाईक भिंतीसाठी ठरलेला आकडा, प्रत्येक इमारतीतल्या काही सदनिकांत त्रयस्थ प्रयोगशाळेकडून चाचणी, आणि छत झाकण्यापूर्वी वरच्या सांध्यांची व डक्टमधल्या प्रत्येक मजल्याची छायाचित्रे भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत. खर्च वाढेल असे बिल्डर म्हणतील, पण काम चालू असताना सांधा भरायला थोडा मसाला आणि गवंड्याचे काही तास पुरतात. ताबा मिळाल्यावर तोच सांधा भरायचा तर छत फोडावे लागते.

पुनर्विकासाचे करार आजही होत आहेत. म्हणून या फेरबदलाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी लवकरात लवकर प्रसिद्ध करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक सदनिकाधारक