आमच्या स्वयंपाकघरात उजेड आणणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम उघड्यावर लिहिते आहे. राजापूरजवळच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर तुम्ही नव्याने सजवून दिलंत, आणि हल्ली जो येतो तो आधी तिथेच डोकावतो. हा दगड कुठला, दिवे कुठून आणले, भिंतीला रंग कोणता, असे प्रश्न विचारतो. मी उत्तरं देते, पण ती देताना दर वेळी वाटतं की यांना दगडाचं नाव सांगून काय उपयोग? तुम्ही तो कसा निवडलात ते सांगायला हवं. म्हणून हे आभार जरा सविस्तर.

तुमच्या आधी जे सजावटकार येऊन गेले त्यांनी भिंती मोजल्या आणि कॅटलॉग उघडले. एकाने तर आमच्या जांभ्याच्या, म्हणजे लाल दगडाच्या चिऱ्यांच्या, भिंतीवर विटांचं चित्र छापलेल्या टाइल्स बसवायला सुचवलं होतं, 'रस्टिक लुक' म्हणून. खऱ्या चिऱ्यावर खोट्या विटा! तुम्ही कणकवलीहून संध्याकाळी आलात. आईला म्हणालात, "काकू, तुमचं रोजचं चालू दे, मी नुसती बसते." आईने भात लावला, कांदा चिरला, आमटीला फोडणी दिली. तुम्ही चुलीजवळच्या पाटावर बसून बघत होतात. मग मला जवळ बोलावून दाखवलंत, की ट्यूबलाइट आईच्या पाठीमागे दारावर आहे, त्यामुळे चिरायच्या जागी तिची स्वतःचीच सावली पडते. आई ६८ वर्षांची. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, बाहुली पूर्वीएवढी उघडत नाही, म्हणून तेच काम करायला जास्त उजेड लागतो. आणि त्याच वयात चकाकीही जास्त खुपते. हे तुम्ही फार साध्या शब्दांत सांगितलंत, आणि पुढचा प्रत्येक निर्णय या दोन गोष्टींना धरून घेतलात. उजेड भरपूर हवा, पण तो डोळ्यांवर येता कामा नये.

दिवसाच्या उजेडासाठी तुम्ही भिंत फोडायला लावली नाहीत. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर मंगलोरी कौलांच्या मापाची काचेची कौलं घातलीत. साचा तोच, त्यामुळे कौलांखालच्या लाकडी रिपांना हात लागला नाही. दुपारचं ऊनही थेट ओट्यावर येत नाही. पावसाळ्याआधी ती धुवायची असतात हे बाबांना तुम्ही इतक्या बजावून सांगितलंत, की ते आता मे महिन्यात शिडी काढतातच.

रात्रीच्या उजेडाचं मात्र तुमच्याकडून खरं शिकायला मिळालं. ओट्यावरच्या फळीखाली एलईडी पट्टी लावायची हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ती भिंतीलगत न लावता फळीच्या पुढच्या कडेला, पुढून लाकडी पट्टीच्या आड लावायची, हे तुम्ही सांगितलंत. मागे लावली की भिंत उजळते आणि हात अंधारात राहतात. पुढे लावली की उजेड नेमका चिरायच्या जागी पडतो. वर ॲल्युमिनियमची खोबण आणि दुधी झाकण, म्हणजे दिव्यांचे टिपके टिपके दिसत नाहीत.

आणि ती बल्बची संध्याकाळ! तुम्ही वेगवेगळे बल्ब आणलेत, पाटावर हळद, लाल तिखट, मेथीची जुडी आणि जांभ्याचा एक तुकडा मांडलात, आणि एकेक बल्ब लावून आईला विचारलंत, "काकू, यात तिखट ताजं दिसतंय का?" ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात जांभा राखाडी पडला. २७०० मध्ये तो उबदार दिसला, पण त्यातल्या स्वस्त बल्बखाली तिखट आणि मेथी दोन्ही मळकट वाटत होती. तेव्हा तुम्ही खोक्यावरचा सीआरआयचा, म्हणजे कलर रेंडरिंग इंडेक्सचा, आकडा दाखवलात. उजेड किती पिवळा किंवा पांढरा हे केल्विन सांगतं, त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतील हे सीआरआय सांगतो. ८० चा आणि ९० च्या वरचा बल्ब शेजारी लावून पाहिल्यावर दुसरं काही समजवावं लागलं नाही. शेवटी ओट्यावर ३००० केल्विन, जेवायच्या जागी २७०० आणि दोन्हीकडे सीआरआय ९० च्या वर असं ठरलं. बटणं वेगळी ठेवलीत, म्हणून रात्री कुणी पाणी प्यायला उठलं तर सगळं घर लखलखत नाही. दुकानात आजही बहुतेक माणसं फक्त वॅट विचारतात, म्हणून हे इथे इतकं लिहिलं.

ओट्यासाठी बाबांच्या मनात कोटा होता, कारण तो हिरवट, साधा, आपल्या घराला शोभणारा. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. कोटा, कडप्पा आणि ग्रॅनाइट, तिघांचे तुकडे आणून त्यांवर आमसुलाचं पाणी आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवायला लावलीत. सकाळी कोटा आणि कडप्प्यावर फिकट डाग उठले होते. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, आंबटाने त्यांचा पृष्ठभाग खरवडला जातो. ग्रॅनाइट तसाच होता. ज्या घरात सोलकढी, चिंचेचं सार आणि कैरीचं लोणचं होतं तिथे ही परीक्षा घ्यायलाच हवी. पण तो ग्रॅनाइट तुम्ही आरशासारखा पॉलिश केलेला घेऊ दिला नाहीत. वरची पट्टी त्यात दिसली असती आणि तिचा झोत खालून आईच्या डोळ्यांत गेला असता. म्हणून लेदर फिनिश. त्याच्या बारीक उंचसखलपणात उजेड विखुरतो. तेल सांडलं तर पुसायला थोडी जास्त मेहनत पडते, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. आईने ती मेहनत आनंदाने पत्करली आहे. कोटा वाया गेला नाही, तो कोरड्या मांडणीवर बसला आणि बाबा खूश झाले.

भिंतींबद्दल तर मी तुमची कायमची ऋणी आहे. आमच्या मागच्या भिंतीला कधीकाळी सिमेंटचा गिलावा केला होता आणि दर पावसाळ्यात त्याचे पोपडे पडायचे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभा सच्छिद्र, तो ओल ओढणारच. ती ओल बाहेर पडायला वाट हवी, आणि सिमेंट नेमकी तीच अडवतं, हे तुम्ही गवंडीकाकांना बरोबर घेऊन भिंत खरवडून दाखवलंत. मग चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचे पातळ हात. आधी भिंत भिजवायची, मग चुना. ओला असताना तो पाण्यासारखा वाटतो आणि सुकता सुकता पांढरा होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड बनतो. त्यात चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती, टाकायला लावलीत, त्यामुळे पांढरा रंग डोळ्यांवर येत नाही. दोन भिंती चुन्याच्या, त्या उजेड परत देतात. एक भिंत उघड्या चिऱ्याची ठेवलीत, ती उजेड पिते, पण तिच्यामुळे ते घर आमचं वाटतं. गॅसमागे मात्र चिरा उघडा ठेवला नाहीत. तेलाचे शिंतोडे त्यात मुरले असते, म्हणून तिथे ओट्याचाच दगड उभा लावला.

जमिनीला लाल कोबा, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. फडताळांची दारं पडवीतल्या जुन्या फणसाच्या फळ्यांची केलीत. फणस ताजा कापला की पिवळा असतो आणि वर्षं जातील तसा तांबूस-तपकिरी होत जातो. त्या फळ्यांवर चकचकीत पॉलिश चढवण्याऐवजी जवसाचं तेल चोळायचं ठरलं. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा, असं तुम्ही सुतारदादांना जातीने सांगितलंत. इतकी वर्षं लाकडात काम करणारे ते, पण त्यांनी लगेच ऐकलं. तुमचं बोलणंच तसं आहे, कुणाला कमी न लेखणारं. बिजागऱ्या आणि मुठी पितळेच्या. खाऱ्या हवेत त्या काळवंडतात, आई चिंचेने घासते आणि त्या पुन्हा लखलखतात.

चूल तुम्ही काढू दिली नाहीत, जमिनीतलं व्हायन, म्हणजे दगडी उखळ, तेही नाही. भाऊ म्हणत होता की जागा अडते. तुम्ही आईला विचारलंत, आणि आईने सांगितलं की गणपतीला उकडीचे मोदक ती चुलीवरच करते. तिथेच विषय संपला. स्वयंपाकघराबद्दल एवढी माणसं बोलली, पण जी तिथे रोज उभी राहते तिला प्रत्येक वेळी आधी विचारलंत ते तुम्हीच. ओट्याची उंचीसुद्धा तिच्या कोपरावरून मोजून घेतलीत. आईच्या कमरेचं दुखणं कमी झालंय आणि ती सुईत दोरा ओवायला आता स्वयंपाकघरात येते, ओट्याच्या उजेडात.

तुमची फी आम्ही दिली, पण तेवढ्याने हा हिशोब मिटत नाही, म्हणून आज मनापासून धन्यवाद म्हणते. गवंडीकाकांना आणि सुतारदादांनाही हे पत्र वाचून दाखवणार आहे. पडवीतल्या दिव्याचं अजून ठरायचं आहे. आई म्हणते, ताई आल्याशिवाय बल्बसुद्धा आणायचा नाही. गणपतीत याच, आणि येताना मुलांनाही आणा.

तुमची,
राजापूरची मैत्रीण