रोज बंद, तरी 41 दिवस चालू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये 'घरचा संगणक कधी बंदच करू नये' असा सल्ला देणारे एक पत्र वाचले. पत्रलेखकांचा संगणक म्हणे महिनोन्महिने बंद होत नाही. सुरू-बंद केल्यानेच यंत्रे लवकर जातात, आणि सुरू करताना जी वीज लागते ती तासभर चालवण्यापेक्षा जास्त असते, अशी त्यांची दोन कारणे. माझी सारी नोकरी वीजमीटर तपासण्यात गेली. कोणी 'एवढ्याशा विजेने काय होतंय' म्हटले की माझा हात आपोआप मीटरकडे जातो. याही वेळी गेला.

प्लगच्या खाचेत बसवायचा एक छोटा वॅटमीटर माझ्याकडे आहे. घरातला मोठा संगणक त्याला जोडला. स्क्रीन बंद, कोणी काही करत नाही, नुसता पंखा घुमतोय, तरी आकडा 70 वॅटच्या आसपास. स्लीपवर, म्हणजे उघडे काम तसेच ठेवून झोपेवर, टाकला की 2 वॅट. पूर्ण बंद करून प्लग तसाच ठेवला तर 1 वॅटच्याही खाली. लॅपटॉप चालू असूनही 10 वॅटवर भागवतो. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे येतील, खेळांसाठी दणदणीत ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर बरेच वेगळे. पण हिशेबाची रीत तीच. दिवसातले आठ तास काम धरले तरी सोळा तास यंत्र रिकामे राहते. 70 वॅटने सोळा तास म्हणजे रोजचे 1.12 युनिट, वर्षाचे चारशेच्या वर. तेच सोळा तास ते झोपलेले असेल तर वर्षाला बारा युनिट. 9 वॅटचे आठ एलईडी दिवे रिकाम्या खोलीत रात्रभर जळत राहिले तर घरातले कोणीतरी उठून बटण दाबेलच. संगणकाचा उजेड पडत नाही, म्हणून कोणी उठत नाही.

सुरू होतानाच्या विजेचेही मोजून पाहिले. मिनिटभर तो 120 वॅटपर्यंत चढला असे धरले, तरी त्या मिनिटाचा खर्च होतो 2 वॅट-तास. तेवढी वीज हा संगणक रिकामा बसून दोन मिनिटांत खातो. म्हणजे तासाभराचा तो दावा फार तर दोन मिनिटांवर येतो. ट्यूबलाइटबद्दलही असाच समज मी आयुष्यभर ऐकला. बटण दाबताक्षणी विजेचा मोठा झटका येतो हे खरे, पण तो सेकंदाच्या अंशाचा असतो, आणि मीटर वॅटला वेळेने गुणून मोजतो.

यंत्र खराब होण्याचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही. तापणे आणि थंड होणे यात धातू प्रसरण-आकुंचन पावतो, डाग दिलेल्या जोडांवर ताण येतो. जुनाट बल्ब जसा बटण दाबतानाच जातो, तसा कमकुवत झालेला भागही बहुधा सुरू होतानाच मान टाकतो, आणि आपण बटणाला दोष देतो. पण तो भाग कमकुवत कशाने झाला? पंख्याचे बेअरिंग तासांच्या हिशेबाने झिजते. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. हार्ड डिस्कचे म्हणाल, तर थांबताना ज्यांचे वाचनशीर्ष तबकडीवरच टेकायचे अशा जुन्या डिस्कसुद्धा साधारण 50,000 वेळा सुरू-बंद होण्याच्या हिशेबाने बनवत. दिवसातून पाच वेळा बंद करा, सत्तावीस वर्षे जातील. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, तर फिरणारे काही नाहीच.

इथपर्यंत लिहून मी पत्र पाकिटात घालणार होतो. सुनेने वाचले आणि म्हणाली, "बाबा, माझा संगणक मी रोज रात्री बंद करते, हेही लिहा." मी उत्साहाने तिच्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे संगणक किती काळ सलग चालू आहे याचा आकडा, असतो तो पाहिला. 41 दिवस! ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. "मग मी रोज काय बंद करते?"

प्रश्न रास्त होता. 2012 साली विंडोज 8 आले तेव्हापासून 'शट डाउन'चा अर्थ बदलला आहे. 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक यंत्रांत आधीपासून चालूच असते. तिच्यामुळे शट डाउन म्हटले की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा रॅममधून, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीतून, उचलून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा वर काढतात. वीज खरोखर बंद झालेली असते, तेव्हा सुनेच्या बिलावर आक्षेप नाही. पण गाभ्याच्या दृष्टीने रात्र झालेलीच नसते. ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरसारखी जोडलेली साधने चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) काही गुंता झाला असेल तर तोही जसाच्या तसा दुसऱ्या दिवशी हजर. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' दाबले की मात्र सगळे कोऱ्या पाटीपासून सुरू होते. बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करणे जास्त पक्के! शिफ्टचे बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक केले तरी पूर्ण बंद होतो, हे मला पुतण्याकडून कळले. हे त्या बटणाजवळ लिहायला काय हरकत होती, कोण जाणे. सुनेचा प्रिंटर तीन आठवडे रुसला होता, तो एका रीस्टार्टने बोलू लागला.

याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. अप टाइमच्या त्या आकड्यात झोपेचे तासही धरलेले असतात, त्यामुळे 'माझा संगणक 200 दिवस चालू आहे' असे कोणी म्हटले तरी त्याने किती वीज खाल्ली ते त्यातून कळत नाही. पुतण्या लिनक्सवाला, विंडोजऐवजी ती दुसरी प्रणाली वापरणारा. त्यांच्यात हा आकडा मिशीला पीळ द्यावा तसा मिरवतात. मी त्याला एवढेच विचारले, की या काळात कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, ज्या सुरक्षा दुरुस्त्या आल्या त्या रीस्टार्टशिवाय लागू कशा झाल्या? त्याने विषय बदलला. (काही सर्व्हरवर न थांबता दुरुस्ती करायची सोय असते, हे मला ठाऊक आहे. त्याच्या घरच्या यंत्रात ती नव्हती.)

दीर्घकाळ चालू ठेवण्याविषयीचा माझा आवडता किस्सा विंडोज 95 आणि 98 चा. त्यांच्यात सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक 32 बिटांचा गणक होता. त्यात 4,29,49,67,296 एवढेच आकडे मावतात, म्हणजे 49.7 दिवस. तेवढ्या दिवसांनी गणक पुन्हा शून्यावर यायचा आणि संगणक गोठायचा. विंडोज 95 बाजारात येऊन काही वर्षे लोटेपर्यंत या दोषाचा गवगवा झाला नाही, कारण ते पन्नास दिवस अखंड चालवून दाखवणारा विरळाच. त्याआधी दुसऱ्याच कशाने तरी ते पडलेले असायचे. तेव्हा रोज बंद करण्याची सवय आपोआप लागली होती. आता यंत्रे सुधारली आणि सवय गेली.

ज्यांना रात्रभर संगणक चालू ठेवायचे खरे कारण आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. घरच्या सर्व्हरवर फोटो साठवणारे, दूरच्या गावाहून आपल्या यंत्रात शिरून काम करणारे, व्हिडिओ रेंडर करायला लावून झोपणारे, यांनी खुशाल ठेवावा. 1999 च्या मे महिन्यात सेटी अॅट होम हा घरोघरच्या संगणकांवर परग्रहवासीयांचे संकेत शोधणारा प्रकल्प सुरू झाला तेव्हा मीही रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी चाळण्यासाठी माझा संगणक रात्री जागवत असे. परग्रहावरचा कोणी सापडला नाही, 2020 च्या मार्चअखेर त्यांनी नवे काम वाटणे थांबवले, पण त्या वॅटचा मला पश्चात्ताप नाही. निदान यंत्र काही करत होते. तेव्हाच्या स्क्रीनसेव्हरचा दाखला मात्र आता कोणी देऊ नये. जुन्या काचेच्या नळीवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो होता. त्याने वीज कधीच वाचली नाही.

माझे म्हणणे त्या पत्रलेखकांना एवढेच, की 'बंद करावा की करू नये' हा वाद घालताना आपण तिसरे बटण विसरतो. दिवसभर उठबस असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप स्लीप होईल असे सेटिंग करून ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा, शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करावा. रात्री वीज जाण्याची भीती असेल तर हायबरनेट (उघडे काम डिस्कवर ठेवून बंद होणे) बरे, कारण स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्येच असते आणि पुरवठा तुटला की तेही जाते.

आणि संगणक बनवणाऱ्यांना एक विनंती. 'बंद' लिहिलेल्या बटणाने नेमके काय बंद होते, ते त्या बटणाखाली एका ओळीत लिहा.

त्या पत्रलेखकांनी आपल्या यंत्राला एकदा मीटर लावून, रिकामा असतानाचा आकडा आपल्याच अंकातून कळवावा. सुनेच्या संगणकाचा अप टाइम आज सकाळी 2 दिवस होता.

आपला,
एक निवृत्त मीटर-तपासनीस