नव्या इलेक्ट्रिक पिकअपचे रिकामे वजन आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लवकरच बाजारात येणाऱ्या एका इलेक्ट्रिक पिकअपची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. ही गाडी ‘दीड टन माल वाहील’ असा अंदाज त्यात दिला आहे. तो कशावरून बांधला, हे मात्र दिलेले नाही. सासवड परिसरातला भाजीपाला आणि हंगामात अंजीर-सीताफळ दिवे घाटातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणणे हा माझा व्यवसाय आहे. माझ्यासारखे अनेक जण असे आकडे वाचूनच कर्जासाठी बँकेत जातात, म्हणून हे लिहीत आहे.

गाडीच्या मंजूर एकूण वजनातून (मालासह भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा) तिचे रिकामे वजन वजा केले की उरते ती भारवहन क्षमता. हे रिकामे वजन नेमके कोणत्या अवस्थेतले, यावर सगळे अवलंबून असते. दोन वर्षांपूर्वी मी एक छोटी इलेक्ट्रिक मालवाहू गाडी घेतली, तेव्हा विक्रेत्याने ‘एक टन पासिंग’ असे सांगितले होते. एकूण वजन २,३०० किलो आणि रिकामे वजन १,३०० किलो, असा तो हिशेब होता. पण ते १,३०० किलो हौदा नसलेल्या गाडीचे होते. बंद हौदा बांधून घेतला, चालक आणि मदतनीस आत बसले, ताडपत्री आणि दोर ठेवले आणि गाडी काट्यावर नेली. पावतीवर १,६१० किलो आले. म्हणजे मालासाठी उरले ६९० किलो. बावीस किलोचा एक क्रेट धरला, तर पंचेचाळीसऐवजी एकतीस क्रेट! हप्ता मात्र पंचेचाळीस क्रेटच्या भाड्यावर बेतलेला होता. जास्तीचे क्रेट चढवावेत, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय भरलेली गाडी दिवे घाट उतरताना ब्रेकवर येणारा ताण ज्याने अनुभवला आहे, तो दंड नसता तरी हे करणार नाही.

गाडी येण्यापूर्वी अंदाज बांधूच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरचा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा, वाचता येतो. तो १०० असेल, तर एक टायर ८०० किलो पेलतो, म्हणजे मागच्या दोन टायरवर मिळून १,६०० किलोपेक्षा अधिक भार येऊ देता येत नाही, आणि त्यात माल, हौदा, मागचा आस असे सगळेच आले. बॅटरीचेही तसेच. मालवाहू गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटरीचे वजन पेटीसह साठवलेल्या विजेच्या दर युनिटमागे साधारण सात-आठ किलो धरावे. दहा युनिटने मोठी बॅटरी घेतली की तीन क्रेट कमी झाले. डिझेल जळत जाते तशी टाकी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. त्यामुळे कोणती बॅटरी घ्यायची, हे आपल्या रस्त्यावरून ठरवावे लागते. माझी गाडी रात्री पुण्यात चार्ज होते, पहाटे रिकामी घाट चढते आणि भरून उतरते, उतारावर थोडी वीज परतही मिळते. मला लहान बॅटरी पुरते. माल भरून कात्रज चढून साताऱ्याकडे जाणाऱ्याला ती पुरणार नाही, आणि मोठी घेतली की त्याचा माल कमी होईल. ‘दीड टन’ हा आकडा यांपैकी कोणत्या बॅटरीच्या गाडीचा, हे बातमीत यायला हवे होते.

जाहीर झालेला आणि प्रत्यक्षातला आकडा यांत केवढे अंतर पडू शकते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. टेस्लाने २०१९ मध्ये सायबरट्रक ही इलेक्ट्रिक पिकअप दाखवली, तेव्हा ती ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो भार वाहील असे सांगितले होते. २०२३ च्या अखेरीस ती ग्राहकांच्या हाती पडली, तेव्हा हा आकडा २,५०० पौंडांवर, म्हणजे सुमारे १,१३० किलोवर आला होता.

वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्याच शहरात, वेताळ टेकडीवर आहे, आणि मंजूर एकूण वजन गाडी विक्रीला येण्याआधीच ठरलेले असते. त्यामुळे बुकिंग सुरू करतानाच कंपन्यांनी प्रत्येक बॅटरीनुसार एकूण वजन, हौद्यासह आणि हौद्याविना रिकामे वजन, आणि चालकाचे वजन कशात धरले आहे, एवढे छापून द्यावे. आपल्या वार्ताहरांनीही पुढची बातमी देताना हेच प्रश्न कंपनीला विचारावेत, अशी विनंती आहे. मला सीताफळाच्या हंगामाआधी दुसरी गाडी घ्यायची आहे आणि हे आकडे हाती आल्याशिवाय मी बुकिंगची रक्कम भरणार नाही.

आपला,
एक वाहतूक व्यावसायिक,
फुरसुंगी, पुणे