बारक्याच्या पगाराबद्दल, आई-बाबांना

आई, बाबा,

परवा फोनवर बारक्याच्या अडकलेल्या पगाराचं बोलणं अर्धवट राहिलं. बाबा तुम्ही म्हणालात "जाऊ दे ना पोरी, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला कोणाशी वाकडं घ्यायचं" आणि मी चिडून फोन ठेवला, नंतर रात्रभर वाईट वाटत राहिलं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. आई, तू वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यांना मोबाईलचा ताण नको, ऑपरेशन होईपर्यंत तरी.

पहिली गोष्ट, बारक्याने काही चोरलेलं नाही. त्या कॅफेवाल्याने तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते मला माहितीये. गल्ल्यात १४०० रुपये कमी आले हे खरंय, पण त्या रात्री गल्ल्यावर आलटून पालटून तीन पोरं बसली होती, बारक्याच्या हातात गल्ला मोजून कोणी दिलाच नव्हता, आणि तरी सगळे पैसे याच्याच पगारातून कापले. विचारलं पण नाही. नियम असा आहे की सांभाळायला दिलेली रक्कम कमी आली तर ती त्या माणसाच्याच चुकीने गेली पाहिजे, आणि कापायच्या आधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यायला लागते. इथे पगार कमी जमा झाल्यावर पोराला कळलं.

आता मुळापासून सांगते. इथे नाशिकला गंगापूर रोडच्या त्या कॅफेत तो मागच्या जुलैत लागला, संध्याकाळी ५ ते ११, महिना ९०००, तुम्हाला एवढंच माहितीये आणि मलाही एवढंच माहीत होतं. लागताना त्याच्याकडून ५०० च्या स्टॅम्प पेपरवर बॉन्ड करून सही घेतली होती, वर्षभर काम सोडायचं नाही, सोडलं तर दोन महिन्यांचा पगार भरायचा. वर बारावीचं ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतलं. सही केलेल्या कागदाची झेरॉक्स मागितली तर म्हणे तुला काय करायचीय. आणि आई, तुला त्याची जन्मतारीख सांगायला नको, जुलैत त्याला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते. अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने करारच नसतो, हे १८७२ च्या करार कायद्यातलंच आहे, म्हणजे ज्या कागदाच्या भीतीने पोरगं सहा महिने गप्प बसलं त्या कागदाला अर्थच नव्हता. अजून एक, १४ ते १८ च्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामावर ठेवताच येत नाही. तो रोज रात्री साडेअकराला सायकलने सिडकोत रूमवर यायचा आणि मी त्याला गरम पोळी वाढून म्हणायचे शाब्बास. मला हे तेव्हा माहीत असायला हवं होतं.

पगार कधी २० ला, कधी २५ ला. डिसेंबरात तेल उडून हात भाजला होता, ते तुम्हाला आम्ही सांगितलं नाही, काळजी कराल म्हणून. प्रायव्हेट डॉक्टरला मीच पैसे दिले. तिथे चौदा जण कामाला आहेत, दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१००० च्या आत असला की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतो, पार्टटाईमवाल्यालाही लागतो, सातपूरला कामगार विम्याचं हॉस्पिटल आहे तिथे त्याचा इलाज झाला असता. पण याचं नाव कुठल्या रजिस्टरलाच नाही. हात आता बराय, डाग राहील थोडा.

मग जानेवारीत कॉलेजची परीक्षा आली, आठ दिवस सुट्टी मागितली, मिळाली नाही, याने महिनाअखेरीला काम सोडलं. तर अख्ख्या जानेवारीचा पगार अडवला, बॉन्ड तोडलास म्हणून.

माझ्या ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडम आहेत, त्यांच्यासमोर बसून मी सगळं समजून घेतलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवीन कामगार संहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्यात, त्यातली एक वेतनाची आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, काम सोडलं तर राहिलेला हिशोब २ कामाच्या दिवसांत, दर महिन्याला पगाराची स्लिप, जादा वेळ थांबवलं तर दुप्पट दर. विद्यार्थी आहे, पार्टटाईम आहे म्हणून यातून कोणी सुटत नाही, हे मी त्यांना दोनदा विचारलं कारण मालक लोक पोरांना हेच सांगतात, तू स्टुडंट आहेस तुला हे लागू नाही. आणि पैसे अडकले तर ३ वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही रांगडा कांदा घेऊन लासलगावला गेलात. वजनाची काटापट्टी हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर हलवता का तुम्ही? हिशोबपट्टीत हमाली-तोलाई चुकीची लागली तर दहा रुपयांसाठी तुम्ही व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिलेले मी लहानपणी पाहिलेत, मला तेव्हा भूक लागलेली आणि तुम्ही म्हणालात थांब, आपल्या मालाचा हिशोब आहे. मग पोराचे सहा तास म्हणजे माल नाही का?

मी कॉलेजला होते तेव्हा मेनरोडच्या दुकानात दिवाळीच्या सीझनला दोन महिने काम केलं होतं आठवतं? पैसे बुडाले, तेव्हाही तुम्ही जाऊ दे म्हणालात आणि मी जाऊ दिलं. त्या पैशात माझी सेकंड इयरची फी भागली असती, ती तुम्ही आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. हे टोचायला लिहीत नाहीये बाबा, तेव्हा आपल्याला कोणालाच काही माहीत नव्हतं. आता माहितीये.

तर रविवारी मी आणि बारक्या बसलो. शिफ्टचे व्हॉट्सअॅप मेसेज, बँकेत आलेल्या पैशांच्या एंट्र्या, भिंतीवरच्या हजेरीचे त्याने कधीतरी काढलेले फोटो, सगळं महिन्याप्रमाणे एका वहीत उतरवलं. तोंडी ठरलेलं कामही करारच असतं, ते सिद्ध करायला हे लागतं. मग एक साधा अर्ज लिहिला, जानेवारीचा पगार, कापलेले १४०० आणि मार्कशीट, एवढंच. दोघं कॅफेत गेलो. मला वाटलेलं आरडाओरडा होईल, पण वही बघितल्यावर मालकाने मार्कशीट लगेच काढून दिलं, पैशाचं मात्र बघू म्हणाला. येत्या सोमवारपर्यंत वाट बघणार, नाहीतर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज देणार. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथला सल्ला फुकट असतो, १५१०० नंबरवर फोन केला तरी चालतो, म्हणजे वकिलाचा खर्च होईल ही भीती काढून टाका.

तुमची अडचण मला कळते. ती नोकरी तुमच्या ओळखीतून लागली, तो कॅफेवाला मामांच्या साडूचा भाचा, लग्नाकार्यात समोरासमोर येणार, भीड पडते. पण भीड त्याला नाही पडली, सतरा वर्षांच्या पोराचं मार्कशीट कपाटात टाकताना. त्याचा परत फोन आला तर तुम्ही वाद घालू नका आणि माफी तर अजिबात मागू नका, पोरीशी बोला म्हणा आणि माझा नंबर द्या.

आणि बारक्याशी बोला एकदा. तो तुमचा फोन उचलत नाहीये कारण त्याला वाटतंय तुम्हाला १४०० चं खरं वाटलं. गेले चार दिवस नीट जेवत नाहीये.

त्याला दुसरीकडे काम मिळतंय, पुस्तकाच्या दुकानात, दुपारी ३ ते ७. वेळ, पगार, सुट्टी कागदावर लिहून द्या असं त्याने स्वतःच मागितलं आणि त्यांनी दिलं, मी वाचलाय तो कागद. ओरिजिनल कोणी मागितलं नाही.

मोतीबिंदूची तारीख ठरली की लगेच कळव आई, मी दोन दिवस सुट्टी टाकून ठेवलीये.

तुमची,
ताई